एकशे सत्तर मीटरांनी हरवलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. एका बंद पडलेल्या पंपघराच्या मागच्या पायरीखाली, तीन विटांच्या आड माझा मुक्काम आहे. मला कोणी फेकून दिलेले नाही बरं का. मला लपवले आहे, आणि लोकांनी मला शोधून काढावे म्हणूनच लपवले आहे.

माझा जन्म साच्यातला. वितळलेले जाड पांढरे प्लास्टिक साच्यात दाबून भरले, ते थंड झाले, आणि साचा उघडला तेव्हा माझ्यासारखेच अकरा भाऊ शेजारी पडलेले होते. मग मला चार बाजूंनी चार चाप बसवले, झाकणाच्या आत रबराची कड घातली आणि एका कामगाराने मला पाण्याच्या टाकीत बुडवून धरले. एकही बुडबुडा आला नाही. ‘पास,’ तो म्हणाला. आयुष्यातली ती माझी पहिली परीक्षा.

पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने मला विकत घेतले. विहिरींचे, टाक्यांचे, शाळांच्या नळांचे पाणी बाटल्यांत भरून, भोवती बर्फ घालून माझ्यातून आणायचे. हे काम करणाऱ्या बाई फार कमी बोलत. प्रत्येक बाटलीवर त्या ठिकाण, वेळ आणि तापमान लिहीत. ‘चिठ्ठी नसली तर ते नुसतं पाणी,’ असे नवशिक्यांना सांगत. नऊ वर्षे मी त्यांच्याबरोबर हिंडलो. मग माझी मूठ तुटली. त्याच महिन्यात चाकांचे निळे डबे आले आणि माझी रवानगी टेबलाखाली झाली. दीड वर्ष मी तिथे धूळ खात पडलो होतो. शेवटी साफसफाईच्या दिवशी मला भंगाराच्या ढिगात टाकले. तेव्हा बाई आल्या, मला उचलले, झाकणाच्या आतून बोट फिरवले आणि म्हणाल्या, ‘रबर शाबूत आहे. हा मी घरी नेते.’

त्यांच्या घरात चार माणसे होती. बाई स्वतः. त्यांचे वडील, ज्यांना नातीसकट सगळे अण्णा म्हणत. बाईंची अकरा वर्षांची मुलगी, जिची नजर कायम जमिनीवर असल्यामुळे तिचे नाव मुंगी पडले होते. आणि मुंगीचे बाबा, ज्यांचा रविवारचा बेत एकच असे: सावली दिसली की आडवे व्हायचे.

अण्णा मोजणीदार होते. छत्तीस वर्षे त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त झाल्यावर मात्र ते गॅलरीतल्या खुर्चीत बसत, आणि बाहेर चला म्हटले की गुडघ्याकडे बोट दाखवत. अशात बाईंनी घरात एक छंद आणला. त्याचे नाव जिओकॅशिंग. एखादा माणूस कुठेतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका यादीत टाकतो. दुसऱ्यांनी ते आकडे फोनमध्ये घालून तिथपर्यंत पोहोचायचे, डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तसा ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतली तर आपली एक ठेवायची. बस, एवढेच. ‘मग मिळतं काय?’ बाबांनी विचारले होते. ‘डबा,’ मुंगी म्हणाली.

पहिल्या रविवारी अण्णा मोठ्या मिनतवारीने आले. उकडलेली अंडी आणि काकड्या पोटात घेऊन मीही होतो. बाईंचा फोन सगळ्यांना एका टेकाडावर घेऊन गेला आणि गप्प झाला. फोनचे असेच असते, तो शेवटची आठ-दहा पावले तुमच्यावर सोडतो. मुंगीने झुडपे पालथी घातली. अण्णा काठीवर रेलून नुसते बघत होते. मग काठी उचलून म्हणाले, ‘ते पाच दगड बघ. आपणहून पडलेले दगड इतकी सरळ रांग लावत नाहीत.’ पाचव्या दगडामागे गोळ्यांची एक चपटी डबी होती. त्या दिवशी अण्णा टेकाड उतरताना सगळ्यांच्या पुढे होते. गुडघ्याचे नाव नाही.

त्यानंतर एक रविवार रिकामा गेला नाही. घरात दिवसभर ‘फोन आईचा, डोळे अण्णांचे, हात मुंगीचे’ असे चालायचे. ‘आणि माझं काय?’ असे बाबांनी विचारले की तिघे एका सुरात म्हणायचे, ‘सावली.’

असे तेवीस डबे सापडल्यावर मुंगीने जाहीर केले, ‘आता आपला डबा लपवायचा.’ निवड माझी झाली. माझ्यात एक जाड वही, दोन पेन्सिली, एक शिट्टी, तीन गोट्या आणि एक लोहचुंबक ठेवले. कालव्याकाठचे हे पंपघर मुंगीने शोधले. आकडे घ्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी फोन काढला, तसा अण्णांनी हात आडवा केला. पिशवीतून त्यांनी एक पिवळे यंत्र काढले. उपग्रहांवरून जागा सांगणारे हे यंत्र त्यांना कार्यालयाने निरोपाच्या दिवशी भेट दिले होते. ‘फोन बोलायला. मोजायला हे,’ ते म्हणाले. यंत्र पायरीवर ठेवून त्यांनी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा आकडे घेतले आणि सरासरी काढून मुंगीला दिली. मुंगीने ती यादीत भरली. मला विटांच्या आड सरकवून चौघे निघून गेले, आणि मी वाट बघू लागलो.

मित्रांनो, वाट बघण्याचे काम मला येत होते. पण सहा आठवडे गेले तरी विटेला हात लागला नाही. एका दुपारी तर एक नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा माझ्याच पायरीवर टेकले.

‘दोन तास झाले. मला वाटतं तो डबा कोणीतरी पळवला,’ नवरा म्हणाला.

‘शेवटची एक रांग राहिलीय कुंड्यांची,’ बायको म्हणाली.

‘तूच जा. त्या माळ्याने मला सांगितलंय, अजून एक कुंडी हलली तर तुम्हालाच कुंडीत लावीन.’

तिघे उठून गेले. मी त्यांच्या टाचांपासून वीतभर अंतरावर होतो. मला तोंड असते तर ओरडलो असतो.

कालव्याच्या कडेने थोडे पुढे गेले की एक रोपवाटिका लागते. डबा शोधणारे सगळे तिथेच जात होते. यादीवर तक्रारी साचल्या. शेवटी यादी सांभाळणाऱ्यांनी मुंगीला लिहिले, ‘आकडे तपासा. रविवारपर्यंत दुरुस्त झाले नाहीत, तर डबा यादीतून काढावा लागेल.’

दुसऱ्याच दिवशी मुंगी, तिची आई आणि अण्णा इथे हजर झाले. मी जागेवर होतो. अण्णांनी पिवळे यंत्र पायरीवर ठेवले आणि पडदा दोघींना दाखवला. ‘बघा. यादीत आहे तोच आकडा. एका अंकाचाही फरक नाही.’

बाईंनी आपला फोन शेजारी ठेवला. त्यावर आकडे वेगळे होते.

‘फोन चुकतोय,’ अण्णा म्हणाले.

बाई सावकाश म्हणाल्या, ‘अण्णा, आठ जणांनी शोधलं. आठ फोन. फोन चुकले असते तर एक जण कालव्यात गेला असता, एक रस्त्यावर. आठही जण एकाच रोपवाटिकेत गेले. विखुरलेली चूक असती तर मी शोधणाऱ्यांची म्हटली असती.’

‘म्हणजे माझी.’

‘मी तसं म्हटलं नाही.’

‘म्हणायचं काय राहिलं? छत्तीस वर्षांत माझ्या मोजणीवर कोणी बोट ठेवलं नाही.’ त्यांनी यंत्र पिशवीत टाकले आणि काठी आपटत चालू लागले. त्यांचा गुडघा पुन्हा दुखू लागला आहे, हे मला पावलांच्या आवाजावरून कळले.

‘आई, आपण फोनचा आकडा टाकूया का?’ मुंगीने हळूच विचारले.

‘त्यांच्या पाठीमागे त्यांचं गणित खोडायचं? मला नाही जमणार.’

‘पण मग ते परत येणारच नाहीत आपल्याबरोबर.’

बाईंनी माझे झाकण बसवले. त्यांनी चारही चाप लावले आणि दोनदा तपासले.

शनिवारी सकाळी काठीचा आवाज आला. एकच माणूस होता. अण्णा पायरीवर बसले, चष्मा पुसला आणि यंत्राची बटणे एकेक करून दाबू लागले. बराच वेळ टिक-टिक चालू होती. मग ती थांबली. ‘अरे देवा,’ ते म्हणाले.

तेवढ्यात पंपघराच्या पुढच्या बाजूने दोन आवाज आले. एक मुंगीचा. दुसरा भारदस्त होता, रोपवाटिकेच्या माळीकाकांचा.

‘केवढा खड्डा लागेल?’ काका विचारत होते.

‘खड्डा नको. पुरायचा नाही, असा नियम आहे. मोठ्या कुंडीमागे ठेवला तरी चालेल.’

‘मग लोक बाकीच्या कुंड्यांना हात लावणार नाहीत?’

‘नाही. सरळ डब्याकडे जातील.’

‘हे आधी का नाही सुचलं तुला? पण मला एक सांग, इथं बरा लपलाय की तो. तिकडं कशाला न्यायचा?’

‘अण्णांचा आकडा तिकडचा आहे.’

‘मग आकडा बदल.’

‘आकडा बदलला तर अण्णा चुकले असं होईल,’ मुंगी म्हणाली. ‘डबा हलवला तर कोणीच चुकलं असं होत नाही.’

माझ्यावर बसलेले अण्णा खाकरले. दोघे कोपऱ्यावरून वळले आणि त्यांना बघून जागीच थांबले.

‘डबा हलवायचा नाही,’ अण्णा म्हणाले. ‘तो बरोबर जागी आहे. आकडा हलेल.’

‘अण्णा, मी फक्त...’

‘ऐकलं मी. बैस इथे.’ त्यांनी यंत्र तिच्या हातात दिले. ‘समजा एका खोलीत भिंतीवर खिळा आहे. तू दारापासून मोजलंस आणि मी खिडकीपासून. काय होईल?’

‘दोघांचे आकडे वेगळे येतील.’

‘दोघांच्या पट्ट्या बरोबर असल्या तरी?’

‘हो. सुरुवातच वेगळी आहे ना.’

‘तसंच झालं. आमच्या कार्यालयाचे नकाशे जुने. त्यांची सुरुवात एका जागेपासून धरलेली, आणि तुमच्या यादीची दुसऱ्या. हे यंत्र अजून त्या जुन्या नकाशांसाठीच लावलेलं होतं. म्हणून ते पुन्हा पुन्हा तोच आकडा दाखवत होतं, आणि मी खूश होत होतो.’

‘म्हणजे यंत्राची चूक,’ मुंगी घाईने म्हणाली.

‘नाही गं. कुठून मोजतोय हे मोजणीदारानं आधी बघायचं असतं. यंत्र लावायच्याही आधी. मी बघितलं नाही. चूक माझी.’

मुंगीने यंत्र हळूच पायरीवर ठेवले. माळीकाकांनी मात्र विचारले, ‘किती मीटरची म्हणायची?’

‘एकशे सत्तर.’

‘माझ्या रोपवाटिकेची मोजणी तुम्हीच केली नव्हती ना?’

अण्णा इतके हसले की माझ्यातल्या गोट्या खुळखुळल्या. ‘ती जुन्याच नकाशावर झाली असणार. तुमचं कुंपण जागेवर आहे, काळजी नको.’

मग त्यांनी मला बाहेर काढले, वही उघडली आणि कोऱ्या पहिल्या पानावर सुबक अक्षरात लिहिले: ‘चूक: एकशे सत्तर मीटर. कारण: मोजणी कुठून धरली आहे हे सुरुवातीला तपासले नाही. दुरुस्ती केली. ज्यांना त्रास झाला त्यांची क्षमा मागतो. त्यांत कुंड्याही आल्या.’ खाली तारीख आणि सही.

त्याखाली सही करायचा हट्ट माळीकाकांनी धरला.

‘तुम्हाला मी दाखवला, तुम्ही शोधला नाहीत,’ मुंगी म्हणाली.

‘अगं, सहा आठवडे माझ्या आवारात शोध चाललाय. सगळ्यांत जास्त पाहिलंय ते मीच.’

शेवटी तिने परवानगी दिली. नवा आकडा त्याच संध्याकाळी यादीत गेला. रविवारी सकाळी नऊपासून पायऱ्यांवर पावले वाजू लागली, ती अजून थांबलेली नाहीत. तीन पिढ्यांची कुटुंबे येतात. एकदा एका आजीबाईंनी मला सगळ्यांच्या आधी पाहिले आणि नातवंडांना बराच वेळ सांगितलेच नाही, नुसत्या गालात हसत बसल्या. एका बाळाला सही येत नव्हती, म्हणून त्याच्या आईने त्याच्या मुठीभोवती पेन्सिल फिरवली. आमच्या घरचे चौघे महिन्यातून एकदा मला बघायला येतात आणि पुढे दुसऱ्यांचे डबे शोधायला जातात. दुसरे लोकही हल्ली आपला डबा लपवण्याआधी अण्णांना बोलावतात. अण्णा पोहोचल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतात, ‘कुठून मोजताय?’

मागच्या महिन्यात वही भरली. नवी ठेवताना अण्णा मुंगीला म्हणाले, ‘आता तरी ते पहिलं पान जुन्या वहीबरोबर घरी जाऊ दे.’

‘अजिबात नाही,’ मुंगी म्हणाली, आणि तिने ते पान नव्या वहीत पुढे चिकटवले. कारण एव्हाना ते पान एकट्या अण्णांचे राहिले नव्हते. त्यांच्या आणि माळीकाकांच्या सहीखाली कोणीतरी लिहिले होते, ‘मी उत्तर-दक्षिण उलटे धरून अर्धा दिवस चाललो.’ त्याखाली एका शिक्षकांनी लिहिले होते, ‘फोन बायकोकडे होता, तरी मी रस्ता सांगत होतो.’ आणि त्याखाली, वळणदार पण घाईच्या अक्षरात, ‘सावलीत झोपलो होतो. डबा शोधल्याचे नंतर कळले. मुंगीचे बाबा.’

मित्रांनो, तुम्ही कधी मला शोधायला आलात तर ओल्या हातांनी वही काढू नका. झाकणाच्या कडेत गवताची काडी अडकलेली नाही ना, ते बघा. चारही चाप लावा आणि विटा जशा होत्या तशाच ठेवा. माझ्यानंतर येणाऱ्याचा आनंद तुमच्या हातात असतो. आणि ते पान सांभाळून उलटा. हसू आले तर मोकळेपणाने हसा. तुमचीही एखादी चूक लिहावीशी वाटली, तर खाली अजून चार बोटे जागा आहे. पेन्सिलीला टोक केलेले आहे.