मान हलेपर्यंत

बजरंगशेठनं काउंटरवर दोन टायमिंग चेन आपटल्या आणि म्हणाला, "घ्या कादरभाई. एक जुन्या स्टॉकातली, एक नवीन आलेली. लावा कानाला आणि सांगा."

नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघायला लागली. कादर मेकॅनिक चेन कानाशी धरून खुळखुळवतो आणि कड्यांच्या आवाजावरून पसंत करतो, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. बघणाऱ्याला मोठी मौज वाटे. बजरंगशेठ तर म्हणे, "पोरगी बघायला आलेली माणसंसुद्धा इतके नखरे करत नाहीत."

कादरनं पहिली चेन उजव्या कानाशी धरली, हलवली. काही नाही. दुसरी धरली. तिचंही तेच. बोटांना कड्या हललेल्या कळत होत्या, पण कानापर्यंत काही पोचत नव्हतं. डावा कान तर कधीचाच गेला होता. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं ठोकाठोक केल्यावर दुसरं काय होणार! पण उजव्यानं तरी इतक्या लवकर दगा द्यायला नको होता.

"काय झालं? आवडेना एकही?" बजरंगशेठ तोंडासमोर येऊन बोलला म्हणून कळलं; ओठ दिसले की कादरला बोलणं बरंचसं समजे.

कादरनं चेन कानावरून खाली घेतल्या आणि एकेक आडवी धरून बघितली. नवी, चकचकीत होती ती मधोमध खाली झुकली. जुन्या स्टॉकातली, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेली, जवळजवळ सरळ राहिली. कड्या घट्ट होत्या.

"ही द्या. आणि चेनची दोन्ही दातेरी चाकंसुद्धा."

"चाकं कशाला? दात चांगले असतील की. गाडी कुणाची, त्या दीनानाथरावांचीच ना? ती तर विकायला निघालीय म्हणतात. विकायच्या गाडीला कुणी एवढं सामान घालतं का?"

"जुन्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही वर्षात सैल पडेल. द्या चाकं," कादर म्हणाला, आणि बजरंगशेठ पुढं आणखी काय बोलला तिकडं त्यानं लक्ष दिलं नाही. गाडी विकायला निघाली होती हे त्याला माहीत होतं. का निघाली होती, हे तर त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

गाडी त्रेसष्ट सालची फियाट. दीनानाथराव तेव्हा भर उमेदीत होते आणि कादर नुकता पाना धरायला शिकला होता. कसब्याच्या नदीकडच्या टोकाला त्यानं शेड टाकली तेव्हा पहिली गाडी आली ती हीच. काम झालं की कादर लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेई, टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणाला टेकवी, मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून ऐके. आत ती चेन फिरत असते. पिस्टनची आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवायची हे तिचं काम. कादरनं ऐकून मान हलवली की मालक गाडीत बसायचा. मान हलेपर्यंत कुणी गिअरला हात लावत नसे. गाडी गेली की कादर रस्त्याकडं पाठ करून हात धुवायला बसे, आणि चौकात ती वळल्याचं ऐकल्यावरच नळ बंद करी.

महिन्यापूर्वी दीनानाथरावांची मुलगी सुनीती गाडी घेऊन आली होती. पोस्टात नोकरी करणारी, बोलायला फटकळ पण मनानं सरळ बाई. आई गेल्यावर वडिलांना रविवारचं फिरवून आणायला कुणी नव्हतं, म्हणून चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली. ती म्हणाली, "कादरभाई, सकाळी चालू केली की पुढून खडखड येते. डब्यात खिळे हलवावेत तशी."

कादरनं स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. आत सगळं शांत होतं. त्याला तेव्हाच कळायला हवं होतं की चालत्या इंजिनात शांतता नसतेच मुळी. कळलंही होतं. पण शेडच्या दाराशी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि कान गेला म्हटलं की उद्या शेडला कुलूप लागणार. त्यानं मान हलवली.

"काही नाही ताई. चेन ठीक आहे."

मागच्या रविवारी आळंदी रस्त्यावर, विश्रांतवाडीतलं घर अजून बरंच लांब असताना चेननं दात सोडला आणि गाडी जागच्या जागी मेली. मे महिन्याचं ऊन. सुनीती फोन करायला बूथ शोधत गेली, तेवढ्यात शहाऐंशी वर्षांच्या दीनानाथरावांना गाडीतच भोवळ आली. चार दिवस अंथरुणाला खिळले होते.

गाडी दोरीनं ओढून शेडमध्ये आणली तेव्हा सुनीतीचा चेहरा उतरला होता. "बाबा म्हणतात, कादरनं मान हलवली होती म्हणजे चेन ठीकच होती. मीच गाडी दामटली आणि वाट लावली. दुरुस्त झाली की कोथरूडच्या एका माणसाला देऊन टाकायचीय." मग बोनेटवर हात ठेवून ती म्हणाली, "तेवढा रविवारच तर होता त्यांना. आणि खरं सांगायचं तर मलाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. "बदलू या चेन," एवढंच कादर बोलला. कानाच्या डॉक्टरकडं चला, म्हणून त्याची बायको नसीमबानू वर्षभर मागं लागली होती. त्या रात्री तिनं पुन्हा तेच काढलं तर हा तिच्यावरच खेकसला, आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

चेन बसवायला मात्र कान लागत नाहीत, डोळे लागतात. सामान आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुढचं झाकण उघडलं. जुन्या चाकांचे दात झिजून आकड्यासारखे वाकले होते. हे ज्यानं महिन्यापूर्वी ऐकायला हवं होतं तो बहिरा हाच, असं तो स्वतःला म्हणाला. नवी चाकं घेतली, त्यांच्यावरच्या खुणा समोरासमोर आणल्या, चेन चढवली, इंजिन हातानं दोनदा फिरवून खुणा पुन्हा पडताळल्या. व्हॉल्व्ह नशिबानं शाबूत होते.

इंजिन चालू केलं आणि मग झाली गंमत. झाकणाचा एक बोल्ट आवळायचा राहिला होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यानं स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत धरली. वाकला तसं टोक झाकणाला टेकलं, आणि दातांवाटे थेट त्याच्या डोक्यात सगळं इंजिन वाजायला लागलं! चेन, चाकं, व्हॉल्व्हची टकटक, सगळं. ही काय नवलाई! कादर दातांत मूठ धरूनच हसत सुटला. शेजारचा पंक्चरवाला डोकावला आणि "गेला म्हातारा कामातून" अशा नजरेनं बघून परत गेला. कादरनं हसता हसता डोळे पुसले. चेन एका लयीत फिरत होती. कुठं खडखड नव्हती.

दुपारी चारला रिक्षा आली. सुनीतीनं वडिलांना धरून उतरवलं. दीनानाथराव वाळले होते, पण आवाज खणखणीत होता. आणि बोलत ते कादरशी असले तरी ऐकवत होते मुलीला.

"झाली का रे कादर? माझ्या हातात पस्तीस वर्षं होती, एकदा तरी बंद पडली का? हिच्या हातात दिली आणि बघ! उद्या न्यायला येतोय तो माणूस. लाव तुझा स्क्रू-ड्रायव्हर. तू मान हलव म्हणजे मी सुटलो."

सुनीती खाली बघत पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

कादरनं इंजिन चालू केलं आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मूठ कानाला लावायची आणि मान हलवायची, बस्स. इंजिन उत्तम चाललं होतं, हे त्यानं दातांनी ऐकलं होतं. आज हललेली मान खोटीही ठरली नसती. दाराशी पंक्चरवाला उभा होताच. कादरनं मूठ कानापर्यंत नेली आणि खाली घेतली.

"दादासाहेब, महिन्यापूर्वी मान हलवली तेव्हा मला काही ऐकू आलं नव्हतं."

"म्हणजे?"

"कान गेलेत माझे, दोन्ही. ताई बरोबर सांगत होत्या, चेन खडखडत होती. त्यांनी काही बिघडवलं नाही. मी खोटी मान हलवली."

मग सुनीतीनं मान वर केली. "बाबा उन्हात बेशुद्ध पडले होते, कादरभाई. आणि आठ दिवस घरात मी काय काय ऐकून घेतलं!"

शब्द नीट पोचले नसले तरी तिचा चेहरा पोचला. "होय ताई," कादर म्हणाला. सबबी त्याच्याकडं होत्या, पण त्यानं एकही सांगितली नाही.

दीनानाथराव बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. मग कादरच्या जवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "मग आता कुणी सांगायचं गाडी कशी झालीय ते?"

कादरनं सगळ्यांदेखत मूठ दातांत धरली, वाकला, टोक झाकणाला टेकवलं. पंक्चरवाला खुदकन हसला. दीनानाथरावांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो आपल्या दुकानात निघून गेला. कादर सरळ झाला, मूठ शर्टाला स्वच्छ पुसली आणि स्क्रू-ड्रायव्हर सुनीतीपुढं धरला. "मी ऐकलं. पण आज माझं धरू नका. तुम्ही ऐका."

"मी? मला काय कळतंय त्यातलं!"

"तुम्हालाच कळलं होतं ताई."

तिनं मूठ कानाला लावली. भुवया आक्रसल्या, मग हळूहळू सैल झाल्या. कादर तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. आजवर गिऱ्हाइकं त्याच्याकडं बघत उभी राहायची तसाच.

सुनीतीनं मान हलवली.

"उद्या त्या कोथरूडकराला यायचं नाही म्हणून कळव," दीनानाथराव म्हणाले आणि स्वतःच पुढचं दार उघडून बसले. मुलीकडं न बघता पुटपुटले, "चल. चालव."

गाडी काढताना सुनीतीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि कादरला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी मी खडखड म्हटलं की खडखड! कळलं?"

"कळलं."

गाडी निघाली. सवयीनं कादर पाठ फिरवून नळाशी बसला, नळ सोडला आणि वाट बघू लागला. पाणी नुसतंच हातांवरून वाहत राहिलं. मग तो उठला, ओल्या हातांनीच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, आणि फियाट चौकात वळेपर्यंत तिच्याकडं बघत राहिला.