एकच पाय वाकवलेली पिन

माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन मला पंख्याबद्दल शिकवू नका, हे मी भल्याभल्यांना तोंडावर सांगतो. होडीचं इंजिन आणि त्याच्या शेपटाला फिरणारा पंखा, तीस वर्षं दुसरं काही केलं नाही मी. गिऱ्हाईक येतं ते वेग मागतच. अरे बाबा, होडीत बसणार किती जण, ते सांग आधी! पंख्यावर आकडा कोरलेला असतो. एकोणिसाचा पंखा होडीला सुसाट पळवतो, पण होडी रिकामी असेल तर. माणसं भरली की इंजिन धापा टाकतं आणि होडी पाण्यातून वर उठत नाही. माणसांच्या होडीला तेराचाच. झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेन.

आणखी एक. पंखा नुसता चाचणीला चढवला, तर त्याचा नट सुटू नये म्हणून घालतात त्या दोन पायांच्या पिनेचा एकच पाय वाकवायचा. काम पक्कं झालं की दोन्ही. ही बाबांनी घालून दिलेली शिस्त, आणि ती आमच्या घरातल्या तिघांनाच ठाऊक.

अकरा वर्षांपूर्वी आमची होडी घेऊन दादा निघाला. त्याच्यासह नऊ जण होते. नदीच्या मुखाशी मागून लाट आली आणि होडीला तिच्यापुढे पळता आलं नाही. आठ जण वर आले. बाबा आले नाहीत.

दादा म्हणाला, इंजिन ओढतच नव्हतं. माझं डोकंच फिरलं. इंजिनात खोट नव्हती, तुझ्या हातात होती, असं मी चार लोकांत त्याला म्हणालो. होडी आणि इंजिन तळाला गेलेलं, खरं-खोटं करणार कोण? दादाने पुन्हा होडीला हात लावला नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. मी त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही, वहिनी रस्त्यात दिसली तरी मान फिरवायचो.

परवा एका मच्छीमाराच्या जाळ्यात जुनं इंजिन आलं, शिंपल्यांनी मढलेलं. सुटे भाग निघतील म्हणून त्याने ते माझ्याकडे आणून टाकलं. मी त्याची थट्टा करत करत खरवडायला बसलो. शिंपल्यांखालून निळा पट्टा निघाला. तो बाबांनी स्वतः रंगवलेला होता. मग पंख्यावरचा आकडा पुसला. एकोणीस.

पुन्हा पुसला. मग चष्मा पुसला. त्या सकाळी एकोणिसाचा पंखा चढवून मी एकटाच एक फेरी मारून आलो होतो, आणि नंतर तो काढून तेराचा बसवला, हे मला चांगलं आठवत होतं. पाना हातात होता, हेसुद्धा आठवत होतं. मी नटाकडे पाहिलं. पिनेचा एकच पाय वाकलेला होता. पाना हातात घेतला होता खरा, पण तेवढ्यात कुणीतरी हाक मारली असणार, आणि मी त्या होडीकडे परत गेलोच नाही. मच्छीमार काहीतरी विचारत होता, मला ऐकू येईना.

इंजिनाचा खालचा भाग पंख्यासकट सोडवून पोत्यात गुंडाळला आणि दादाच्या घरी गेलो. वहिनीने दार उघडलं आणि बाजूला झाली. दादा बर्फाने फाटलेल्या हातांना तेल चोळत होता. मी पोतं त्याच्यापुढे उघडलं. म्हणालो, बाबांना मी मारलं, तू नाही.

दादाने आकडा पाहिलाच नाही. त्याने पिनेवर अंगठा ठेवला.

"ही मी तेव्हाच पाहिली होती," तो म्हणाला.

मी विचारलं, मग अकरा वर्षं माझ्या शिव्या का खाल्ल्यास? एकदा तरी माझ्या थोबाडीत मारायची होतीस.

"आधी बाबांनीच पाहिली. म्हणाले, पिन कच्ची दिसते, धाकट्याला विचारून ये." दादाचा अंगठा पिनेवरच होता. "मी म्हटलं, त्याने बसवलंय बाबा, त्याला काय विचारायचं? आणि दोर सोडला."