दोनदा पाठवलेले रिपोर्ट

इस्पितळात तिला सगळे चौकशीबाई म्हणत. काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं, पण हात लावण्याआधी ती पन्नास प्रश्न विचारायची. बंद पडलेलं यंत्र चालू झालं तरी ते पडलं का होतं, हे कळेपर्यंत तिला घास गोड लागत नसे.

गेले आठ दिवस रक्ततपासणीचे निम्मे रिपोर्ट वॉर्डात पोचत नव्हते. खापर फुटलं प्रयोगशाळेच्या मावशींच्या डोक्यावर. बावीस वर्षं त्या याच टेबलावर होत्या. आता वय झालं, हात चुकतो, असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं. चार वाजता बैठक होती, आणि तिथून मावशींची रवानगी कोठारात. कोठार म्हणजे तळघरातली बिनखिडकीची खोली.

"पाठवता कसा, ते दाखवा बघू," चौकशीबाई म्हणाली.

मावशींनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'पाठवला'. "हा म्हणतो पाठवला, वॉर्ड म्हणतो मिळालाच नाही. मी कुणाचं ऐकू?"

चौकशीबाईने वॉर्डात फोन लावला आणि एकेक रिपोर्ट पाठवायला लावला. पहिला पोचला नाही, दुसरा पोचला. तिसरा नाही, चौथा पोचला. तिचे डोळे चमकले. "मावशी, हा बिघाड मोठा शिस्तीचा आहे! बरोब्बर एकाआड एक!"

"कौतुक कसलं करतेस? माझा जीव टांगणीला लागलाय इथे."

"आठ दिवसांपूर्वी काय बदललं?"

"काही नाही गं. ते फर्मान निघालं तेवढंच. एक रिपोर्ट एकदाच पाठवायचा."

"म्हणजे आधी कितीदा पाठवत होतात?"

मावशी ओशाळल्या. "दोनदा. कुलूप लावल्यावर आपण ओढून बघतो ना, तसं."

चौकशीबाई तडक वॉर्डात गेली. तिथल्या जुन्या फायलींत प्रत्येक रिपोर्टच्या दोन प्रती होत्या, पण तीन महिन्यांपूर्वीपर्यंतच. पुढे एकेकच. मावशी तर तेव्हाही दोनदाच पाठवत होत्या! मग दुसरी प्रत जात कुठे होती? हे कुणी विचारलंच नव्हतं. पसारा आपोआप कमी झाला, तर विचारायला कोण जातो?

तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं, हे तिला पाठ होतं. रिपोर्ट घेणारे मुख्य कॉम्प्युटर दोन, आणि ते पाळीपाळीने काम करत. त्यातला एक तेव्हा नवा आला होता. म्हणजे दोनदा पाठवलेल्यातली एक प्रत जुन्याकडे जाऊन पोचत होती, दुसरी नव्याच्या दारातून परत फिरत होती. मावशींच्या खोडीनेच तीन महिने इस्पितळाची अब्रू राखली होती.

पण नवा परत का पाठवतो? प्रयोगशाळेत परतून तिने मावशींच्या कॉम्प्युटरवरची नोंदवही उघडली, जिच्यात त्याची प्रत्येक हालचाल आपोआप टिपली जाते. एकाआड एक ओळ तीच: सुरक्षित जोडणी नाकारली. दोन कॉम्प्युटर बोलण्याआधी एक गुप्त भाषा ठरवतात, म्हणजे मधल्या कुणाला काही कळू नये. जुनी भाषा चोरांना फुटलेली, म्हणून नवा कॉम्प्युटर ती ऐकूनच घेत नव्हता. आणि मावशींच्या कॉम्प्युटरवर फक्त तीच चालू ठेवलेली होती. यादीतल्या बाकी भाषांपुढच्या 'चालू'च्या खुणा काढलेल्या.

कुणाचं हे शहाणपण? खाली शेऱ्याची ओळ होती. 'तात्पुरतं. नंतर काढणे.' तारीख सहा वर्षांपूर्वीची, पुढे तिचंच नाव.

नोकरीला लागून तेव्हा महिनाही झाला नव्हता. जोडणी अडत होती म्हणून तिने खुणा काढल्या, काम चाललं, आणि ती विसरून गेली. तेव्हा का अडत होती, हे मात्र तिने विचारलं नव्हतं. जगाची चौकशी करणारी बाई स्वतःच्या कामाची चौकशी करायला विसरली होती.

जुन्या मुख्य कॉम्प्युटरला आता दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून तिने नव्या भाषेवर खूण केली आणि जुनी बंद केली. दहा रिपोर्ट एकेकदा पाठवले. दहाही पोचले. घड्याळात चारला पाच कमी होते.

बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि फाईल मिटली. "म्हणजे मशीनचा दोष. सुटलो. मावशींची बदली रद्द."

इथे गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. मावशींना तर नाहीच.

"मशीनचा नाही, माझा," ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी मीच करून ठेवलं होतं. लेखी द्यायचं असेल तर देते."

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "द्या," ते म्हणाले.

बैठकीतून बाहेर पडताच मावशींनी तिला व्हरांड्यात गाठलं. आता चांगल्या झापणार म्हणून चौकशीबाई मान खाली घालून उभी राहिली.

"आठ दिवस घरी कुणाला सांगितलं नाही," मावशी म्हणाल्या. "आरशासमोर हात धरून बघत होते, थरथरतो का म्हणून. मलाही वाटायला लागलं होतं, की मीच चुकतेय."

त्यांनी हात पुढे केला. तो अगदी स्थिर होता. चौकशीबाईने तो दोन्ही हातांत धरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिला काही विचारावंसं वाटलं नाही.