पाणी नको

ऑकलंडमधल्या पेनरोज भागातल्या केमिकल डेपोत सकाळी मोहन पटेलने एका पांढऱ्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, "व्हॉट्स इन इट, ब्रो?" आणि तिथेच काम करणाऱ्या मकरंदने "जस्ट अ सॉल्ट," म्हणून विषय मिटवला होता.

खरं तर पुण्यात क्लास घ्यायचा तेव्हा याच अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडवर तो तासभर बोलायचा. नावाने क्षार, वागणं भलतंच! अ‍ॅल्युमिनियमचा आयन एवढासा, पण त्याच्यावरचा भार तिप्पट. क्लोरीनचा इलेक्ट्रॉन ढग तो स्वतःकडे असा खेचतो की एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं असा चोख व्यवहार राहतच नाही, दोघांची भागीदारी होऊन बसते. म्हणून हा पठ्ठ्या मिठासारखा पाण्यात निमूट विरघळत नाही. पाणी लागलं की भडकतो आणि आम्लाचा धूर सोडतो. पण मास्तरकी सुटली की माणसाला आळसही चढतो. सकाळी सकाळी मोहनला हे कोण सांगत बसणार?

दुपारी तोच डबा मागच्या खोलीत ठेवायला मकरंद आत गेला आणि वाऱ्याने दार धाडकन आपटलं. तो दचकला, डबा हातातून सुटला, झाकण उडालं, पांढरी पूड जमिनीभर झाली. त्याने दाराची मूठ फिरवली तर ती हातातच आली. किल्ली खिशात होती, पण कुलपाचं भोक फक्त बाहेरून. फोन लॉकरमध्ये.

ऑकलंडच्या दमट हवेने पुढचं काम केलं. पूड धुमसू लागली. बंद स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी जळावी तसा ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मकरंद रॅकवर चढला आणि वरच्या गजांच्या झडपेला तोंड लावून श्वास घेऊ लागला. मुलीचे टॉग्ज, पोहायचे कपडे, गाडीत आहेत, तिला पोहायला कोण नेणार, असलं काहीतरी त्याच्या मनात आलं. तो भयंकर घाबरला होता.

झडपेतून धूर दिसला म्हणून मोहन बाहेरच्या बाजूने झडपेखाली धावत आला. त्याच्या हातात पाण्याचा जाड पाइप होता. त्याला वाटलं, आग लागली असेल, आणि आत काय, तर मीठ!

गेली अकरा वर्षं मकरंद या देशात इंग्रजीत भांडला होता, इंग्रजीत हसला होता. आत्ता एक शब्द आठवेना.

"पाणी नको! मोहन, पाणी नको!"

मोहनचा चेहरा उजळला. त्याच्या तीन पिढ्या ऑकलंडजवळच्या पुकेकोहेत कांदे पिकवण्यात गेल्या होत्या, आजीच्या गुजरातीतले मोजके शब्द तेवढे उरले होते. त्यातला एक नेमका हा. मराठी 'नको' मात्र पुकेकोहेपर्यंत पोचलाच नव्हता.

"पाणी! येस, ब्रो! हीप्स ऑफ पाणी!" असं ओरडत त्याने नळ पूर्ण सोडला आणि पाइपाचं तोंड उंच धरून गजांत घातलं.

पहिली धार कोपऱ्यात पडली. फुस्सकन आवाज झाला आणि ढग उठला. मकरंदचा श्वासच अडला. हा भला माणूस आपल्याला जीव लावून मारणार, हे त्याला स्वच्छ कळलं. त्याने गजांतून हात घालून पाइपाचं तोंड बाहेर ढकललं, खिशातली किल्ली काढली आणि मोहनच्या अंगावर फेकली.

किल्लीला भाषा लागत नाही. मोहनने पाइप टाकला आणि दार उघडून त्याला ओढतच लांब गवतावर नेलं.

"ते सॉल्ट नाही," मकरंद खोकत कसंबसं इंग्रजीत म्हणाला. "मी खोटं बोललो. आणि 'नको' मीन्स नो. डोन्ट."

मोहन पांढराफटक पडला. आपण काय करत होतो हे त्याला आत्ता उमगलं. तो पळत गेला आणि पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन आला. पण दोन पावलांवर थबकला, बाटली पाठीमागे लपवली आणि भीत भीत विचारलं,

"नको?"

मकरंदला हसू आलं आणि रडूही.

"हवं रे," तो मराठीतच म्हणाला आणि दोन्ही हात पुढे केले.