कमोडमागची फट

मिस्त्रीने कमोडशेजारच्या फळीखाली पटाशी घातली आणि हलकेच दाबली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फळी कडेने सुटली. खालून कुबट वास आला.

“पाणी आत शिरलं कुठून?” दारात उभ्या असलेल्या, घरातल्या आजींच्या मुलाने विचारलं. तो कामावर निघाला होता. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

कुठून ते मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी या बाथरूममध्ये लॅमिनेटच्या या फळ्या त्यानेच बसवल्या होत्या. भिंतीच्या कडेने पाणी अडवणारं सिलिकॉन नीट भरलं होतं. कमोडच्या मागे मात्र हात पुरेना, पुढच्या कामावरून फोनवर फोन येत होते, आणि तिथे कोण डोकावतंय, म्हणून वीतभर फट त्याने तशीच सोडली होती. त्या फटीतून पाणी मुरलं, फळी फुगली आणि तिची कड नखाएवढी वर आली. तिला अडखळून या घरातल्या आजी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

“फ्लशच्या टाकीचा पाइप पाझरत असेल,” तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

मुलाने वाकून पाइपवरून बोट फिरवलं. बोट कोरडंच होतं.

“सतत नाही पाझरत. टाकी भरताना तेवढं.”

मुलगा त्या बोटाकडे बघत राहिला. ‘आई म्हणते, तेच मिस्त्री हवेत,’ असा त्याचा फोन परवा आला, तेव्हापासून मिस्त्रीला घास गोड लागत नव्हता. आपल्याला बोलावलंय ते कामासाठी नाही, पकडायला, असंच त्याच्या मनाने घेतलं होतं.

“निघ रे तू,” आतून आजींचा आवाज आला. “मी आहे ना इथं.”

मुलगा गेला. वॉकरची टकटक हळूहळू जवळ आली. आजी दारासमोरच्या खुर्चीत टेकल्या आणि बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं. त्याने फळ्यांखाली घालायचा नवा फोम अंथरला, फळी फळीत अडकवली, रबरी हातोड्याने ठोकली. दोनदा माप चुकलं. वीस वर्षांत त्याचं माप कधी चुकलं नव्हतं.

शेवटी कुशीवर आडवा होऊन त्याने कमोडच्या मागे हात घातला आणि सिलिकॉनची रेघ ओढली.

“या वेळी भरलंत मागे?”

त्याचा हात जागीच थांबला.

“मी पडले तेव्हा तिथेच होते, तुम्ही आहात तशी,” आजी म्हणाल्या. “गाल जमिनीला टेकलेला. कोणी येईपर्यंत तास गेला. तुमची फट सरळ डोळ्यांसमोर होती.”

मिस्त्री उठून बसला.

“मग आजी, मलाच का बोलावलंत?”

त्या वॉकरच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. “पडायच्या महिनाभर आधी एकदा माझ्याकडून नळ उघडा राहिला होता. दुपारभर. इथे तळं झालं. मी गुपचूप पुसून काढलं. स्वयंपाकघरात गॅस राहिला, तेव्हाच मुलगा म्हणाला होता, आई, आणखी एकदा असं झालं तर तुला कुठेतरी ठेवावं लागेल.” त्यांनी नळाकडे पाहिलं. “नवा मिस्त्री आला असता तर त्याने विचारलं असतं, एवढं पाणी आलं कुठून. तुम्ही विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं.”

मिस्त्रीने बोटांवरचं सिलिकॉन फडक्याला पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिला.

“फट नसती ना आजी, तर ते पाणी वरच्यावर राहिलं असतं. तुम्ही पुसलंत तेवढ्याने भागलं असतं.”

आजी नव्या फळ्यांकडे बघत राहिल्या.

त्याने फोन काढला आणि मुलाचा नंबर लावला. पहिल्या घंटीला वाटलं, उचलू नये त्याने.

“साहेब, पाइप चांगला आहे. मी खोटं बोललो. मागे सिलिकॉन भरायचं माझ्याकडूनच राहिलं होतं, पाणी तिथून गेलं. आजी पडल्या त्या माझ्यामुळे.”

पलीकडे गाड्यांचे आवाज येत राहिले.

“थांबा तिथेच,” मुलगा म्हणाला. “येतोय मी.”

मिस्त्रीने हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. पिशवी खांद्याला लावली आणि मग पुन्हा खाली ठेवली. आजींनी वॉकरने भिंतीकडची दुसरी खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

“नळाचं नाही बोललात,” त्या म्हणाल्या.

“कुठला नळ?”

तो बसला. मग दोघंही जिन्याकडे कान लावून बसून राहिली.