कार्नेशन का रुसली

आमच्या फुलांच्या दुकानात कार्नेशनच्या कळ्या उमलायचं नावच घेईनात. थंड खोलीतून बादली बाहेर काढावी, तर निम्मी फुलं पाकळ्या आत ओढून, माना टाकून बसलेली. मी पाणी बदललं, देठ छाटले, बादल्या घासून घासून हात सोलवटले. मेकॅनिक आला आणि "वहिनी, मशीन ठणठणीत आहे," म्हणून चालता झाला. बिघडलं होतं ते फक्त माझं डोकं.

त्यात घरचा वैताग वेगळाच. आमच्या यांची साखर काही केल्या उतरेना. पायाच्या अंगठ्याला जखम झालेली. साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. मी घरातून गोडधोड हद्दपार केलं, फळंसुद्धा. हे निमूट जेवायचे. पण मोजा काढून दाखवा म्हटलं, की "बरं आहे गं," म्हणून विषय संपवायचे.

शेवटी फुलं पाठवणाऱ्या मळेवाल्याला फोन लावला आणि चांगलं फैलावर घेतलं.

"ताई, खोलीत फळं ठेवता का?" त्याने विचारलं. "पिकलेल्या फळातून वायू सुटतो. आपल्याला पत्ता लागत नाही, पण कार्नेशनला लगेच कळतं. उमलायचं सोडून मिटून बसते."

"फळं?" मी तडकले. "आमच्याकडे फळ शिरतच नाही. नवऱ्याला साखर आहे!"

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज सकाळी बादल्या लावायला, लंगडत का होईना, हौसेने आत कोण जायचं?

थंड खोलीत मागच्या फळीवर, पुष्पगुच्छांच्या कागदाखाली केळी होती. सालं काळी पडलेली, आत मऊ, गोड. मी ती आणून यांच्यासमोर गल्ल्यावर आपटली.

"अगं, अर्धंच खायचो."

"आणि उरलेलं अर्धं?"

"तिथेच ठेवायचो. दुसऱ्या दिवसाला."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतका संताप आला की रडूच फुटलं. "त्या मुक्या फुलांना कळलं, मला नाही कळलं! फुलं उद्या दुसरी येतील हो. अंगठा कुठून आणू मी?"

हे स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच, न सांगता, मोजा काढायला लागले. तो निघेना. जखमेला चिकटला होता.