वाढत्या अंगाची खोळ

मित्रांनो, मी एक जुनी खोळ आहे. उशीची नव्हे! उशीच्या खोळी लोळण्यात जन्म घालवतात. माझा अर्धा जन्म वाट बघण्यात गेला. माझी चेन दात विचकते, एका कोपऱ्यावर ग्रीसचा डाग आहे आणि माझ्या पोटात पुठ्ठ्याचा एक तुकडा आहे. तो तुकडा तिथे का आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आहे. सांगताना थोडं तिखटमीठ पडेल. त्याला माझा इलाज नाही, तो गुण माझ्या कापडातच आहे.

माझं बाहेरचं कापड म्हणजे मामाची कामावरची पॅन्ट. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट मध्येच बंद पडली की त्याचा जोडीदार वर यंत्राच्या खोलीत जायचा आणि मामा बंद दाराबाहेर उभा राहायचा. आत माणसं घाबरीघुबरी झालेली असत. कुणी दार बडवायचं, कुणी रडायचं. मामा दाराला तोंड लावून शांतपणे म्हणायचा, "अडकलीय, पडलेली नाही. तुम्ही कितव्या मजल्याला निघाला होतात?" आणि मग तो जी गोष्ट सुरू करायचा, ती लिफ्ट हलेपर्यंत थांबायची नाही. एकदा तर दार उघडलं तरी एक गृहस्थ बाहेर येईनात. "थांबा हो, त्या हत्तीचं काय झालं ते आधी सांगा," म्हणाले. खोटं वाटतं? मी तेव्हा मामाच्या गुडघ्यावर होते. तो दाराला टेकला होता, म्हणजे सगळ्यात जवळून मीच ऐकत होते.

पुढे ती पॅन्ट मागून विरली आणि आईकडे आली. आई म्हणजे मामाची मोठी बहीण, त्याच्या भाचीची, ठकीची आई. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. माझं आतलं अस्तर त्या गणवेशांच्या निळ्या चिंध्यांचं आहे. तेव्हा बाहेरून मी थापाडी आणि आतून शिस्तीची. दोन्ही गोष्टी एका शिवणीत कशा राहतात, ते माझं मला माहीत!

आता मी जन्माला का आले, ते ऐका. मामा दर रविवारी घरी यायचा. एका रविवारी दारातूनच ओरडला, "ठके, बुकिंग केलं!" हातात धरून खेळायचं गेमचं एक नवीन यंत्र निघणार होतं. त्याचा फोटो मामाच्या फोनवर होता. ठकीने तो इतका जवळून बघितला की पडद्यावर तिच्या नाकाचा ठसा उठला.

"येणार कधी?"

"सुट्टीच्या आधी. कंपनीने लिहून दिलंय."

ठकीने त्याच दिवशी यंत्राची मापं वाचून दाखवली आणि आई मशीनवर बसली. कापलं, टिपा मारल्या, चेन लावली. मला उलटवून सुलट केलं आणि ठकीने माझ्या आत बोट घालून बघितलं. कडेला दोन बोटं रुंद कापड दुमडून आत सोडलेलं होतं.

"आई, हे एवढं कापड आत कशाला?"

"वाढतं अंग असतं गं, पुढे उसवून मोठं—" आई बोलता बोलता थांबली. मग तिचे कानच लाल झाले. जन्मभर पोरांचे गणवेश शिवले होते. प्रत्येक शिवणीत वाढत्या अंगाचं कापड सोडायचं, ही हाताची सवय. हाताला काय कळणार की गिऱ्हाईक पोर नसून यंत्र आहे!

मामा हसून हसून खुर्चीवरून घसरला. "ताई, त्याला दूध पाजत जाऊ का रोज?"

"राहू दे तसंच," आई म्हणाली. "आत आहे, कुणाला टोचत नाही."

मित्रांनो, मी तयार झाले. पण ज्याच्यासाठी तयार झाले, त्याचा पत्ता नाही. सुट्टीच्या आधी यंत्र आलं नाही. सुट्टीनंतरही आलं नाही. कंपनीचे निरोप मात्र वेळेवर यायचे. आधी म्हणे पडद्यात खोट निघाली, मग म्हणे बॅटरी बदलतोय, आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'लवकरच' हा शब्द. मी कापडाची असून सांगते, इतका ताणला जाणारा शब्द मी दुसरा बघितला नाही. मी खिळ्याला लटकले होते आणि ठकीने घरात ताकीद दिली होती की माझ्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही. माझ्या पोटातली हवा एवढी शिळी झाली की एक माशी आत आली आणि तोंड वाकडं करून परत गेली. आकार बसू नये म्हणून आईने तेवढा एक पुठ्ठा कापून माझ्यात सरकवला. ठकीने त्या पुठ्ठ्यावर आईच्या डब्यातली चार बटणं शिवली, दोन काळी, दोन पांढरी, अगदी फोटोत होती त्या जागी.

ठकीचे दोन मित्र होते. एक प्रोफेसर, त्याला सगळं माहीत असायचं. दुसरी लंबू, ती दारातून वाकून आत यायची. पहिल्यांदा दोघं रोज विचारायची, "आलं का?" मग विचारता विचारता हसायला लागली. मग त्यांनी ठकीचं नावच पाडलं, 'येतंय-येतंय'.

"ए येतंय-येतंय, रिकामी पिशवी घेऊन कुठे निघालीस?"

"पिशवी नाही, खोळ आहे. आणि अडकलंय ते, पडलेलं नाही," ठकी मामाचंच वाक्य फेकायची.

"तिच्या आईने म्हणे ते वाढेल म्हणून ढगळ शिवलीय," लंबू म्हणाली आणि दोघं पोट धरून हसली. मी लाजेने चुरगळले. ठकी मात्र मला छातीशी धरून ताठ उभी राहिली.

हसणं तिने सोसलं असतं. पण एक वेगळीच गोष्ट घडली. मामा यायचा बंद झाला. एका रविवारी कामाचं निमित्त, पुढच्या रविवारी पाठदुखीचं, मग निमित्तही नाही. फोन केला तर म्हणायचा, "येतो, येतो," आणि घाईने ठेवून द्यायचा.

आईला कारण कळलं होतं. "त्याला तोंड दाखवायची लाज वाटतेय," ती मशीनच्या आवाजात हळूच म्हणाली. "प्रत्येक वेळी तू 'आलं का' विचारतेस आणि त्याला 'नाही' म्हणावं लागतं."

ठकीने त्या दिवसापासून विचारणं बंद केलं. पण न आलेल्या माणसाला न विचारून काय उपयोग? आणि प्रोफेसरने तर कहर केला. "मला वाटतं, तुझ्या मामाने बुकिंग केलंच नव्हतं. म्हणून तो लपलाय."

ठकीने मला खिळ्यावरून काढलं, काखेत मारलं आणि चालू लागली. यंत्र गेलं खड्ड्यात! आता तिला मामा हवा होता. "कुठे निघालीस?" करत ती दोघंही मागोमाग आली, मामाची थाप उघडी पडताना बघायला.

मामाचं वर्कशॉप एका इमारतीच्या तळघरात होतं. लोखंडी तारांची वेटोळी, भिंतीला टेकवलेली लिफ्टची दारं, फळीवर मजल्यांच्या नंबरांची जुनी बटणं आणि सगळ्याला तो ओळखीचा ग्रीसचा वास. मला तर माहेरी आल्यासारखं झालं. मामाने मला बघितलं, मग ठकीला बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"अगं ठके, मी आजच विचारलं त्यांना, पुढच्या महिन्यात नक्की—"

"मी ते विचारायला आलेच नाही." ठकी एका लाकडी खोक्यावर बसली. "मामा, लिफ्ट अडकली की तू काय करतोस?"

"मी? जोडीदार वर जातो, मी बाहेरून बोलत राहतो."

"कशाला? बोलून लिफ्ट चालू होते?"

"नाही गं. आतल्या माणसाला वाटू नये की आपल्याला सोडून सगळे गेले. अडकण्याचं काही नसतं, त्या वाटण्याने माणूस घाबरतो."

"मग?" ठकीचा आवाज फाटला. "मी अडकलेय ना. आणि तू बाहेरून निघूनच गेलास."

मित्रांनो, त्या तळघरात लोखंडाचे ढीग होते. पण त्या वाक्याएवढं जड तिथे काही नव्हतं. मामा फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते, तरी पुसत राहिला. मग एक जुनं लिफ्टचं दार त्याने ओढून स्वतःच्या आणि ठकीच्या मध्ये उभं केलं, त्याला कान लावला आणि कामावरच्या आवाजात विचारलं, "आत कोण आहे? कितव्या मजल्यावर अडकलायत?"

ठकीने डोळे पुसले. माझी चेन उघडली आणि पुठ्ठा बाहेर काढला. "बटणं आहेत माझ्याकडे. पडदा नाही. पडदा तू हो."

"बरं. दाबा कुठलंही."

तिने काळं बटण दाबलं. मामा म्हणाला, "अरे बापरे, हे तर खाली जायचं. लिफ्ट तळघराच्या खाली निघाली."

"तळघराखाली मजले नसतात," दारात उभा असलेला प्रोफेसर म्हणाला. त्याला राहवेना.

"तू उतरून बघितलंस का? मी बघितलंय. पहिल्या मजल्यावर हरवलेल्या छत्र्या राहतात. दुसऱ्यावर एक बाई आहे, ती दार उघडलं की विचारते..."

"उघडू नको दार!" लंबू किंचाळली. ती कधी आत येऊन खोक्यावर बसली, ते तिलाही कळलं नव्हतं. "पांढरं दाब! ठके, पांढरं!"

त्या दिवशी मामा एवढा बोलला की भिंतीला टेकलेली सगळी दारं आपोआप उघडली. बरं, सगळी नाही. एक उघडलं. ते नीट टेकवलेलं नव्हतं, असं प्रोफेसर म्हणतो, म्हणू दे.

रविवार परत आले. मामा यायचा, चौघं घोळक्याने बसायची, पुठ्ठा हातोहात फिरायचा आणि लिफ्ट दर वेळी एक मजला खाली जायची. कंपनीचा निरोप आला की मामा तोही त्यातच घालायचा. 'लवकरच' नावाचं एक कासव पाचव्या मजल्यावर राहायला आलं. 'येतंय-येतंय' हे आता ठकीचं नाव राहिलं नाही. ती लिफ्टची घंटा झाली. पोरं एका सुरात ओरडायची, "येतंय-येतंय!"

आणि एक दिवस ते खरंच आलं. मामा खोकं घेऊन जिना चढला. कपाळावर घाम, तोंडभर हसू. आवरण फाडलं, यंत्र बाहेर निघालं. काय त्याची चकाकी! प्रोफेसरने हळूच त्याला हात लावला आणि म्हणाला, "सॉरी, मामा." मामाने त्याच्या टाळूवर टपली मारली.

मग ठकीने पुठ्ठा काढून मला पुढे केलं. ज्यासाठी जन्मले तो क्षण! यंत्र अर्धं आत गेलं आणि अडलं. बॅटरी बदलण्याच्या नादात कंपनीने ते चांगलंच जाड करून ठेवलं होतं. इतकी वाट बघितली आणि मीच लहान पडले. मला तर सुतासुतातून उसवून जावंसं वाटलं.

आईने चष्मा चढवला. मला उलटं केलं, कडेची टीप सरसर उसवली, आत सोडलेलं कापड बाहेर घेतलं आणि नवीन टीप मारली. यंत्र आत गेलं, चेन लागली. "म्हटलं होतं ना," आई दोरा तोडत म्हणाली, "वाढतं अंग आहे!"

तिने असं काही ठासून म्हटलं नव्हतं, कान लाल झाले होते तिचे. पण त्या खोलीत एकानेही तिला अडवलं नाही. वाट बघायला लावता लावता ते वाढलंच होतं की!

मग पुठ्ठा परत माझ्या पोटात गेला आणि पोरं यंत्र घेऊन खेळायला बसली. खोटं कशाला बोलू, गेम झकास होता. लंबू ओरडत होती, प्रोफेसर उड्या मारत होता. मामा थोडा वेळ मागून बघत राहिला. त्याला त्या चौकटीत कुठे जागा नव्हती. त्याने हळूच हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि चपला घालू लागला.

ठकीने यंत्र लंबूच्या हातात दिलं. माझ्या आत हात घालून तिने पुठ्ठा काढला आणि दारात जाऊन उभी राहिली.

"मामा, लिफ्ट सातव्या तळघरात अडकलीय. आतली आजी गेल्या रविवारपासून दार बडवतेय. तिला तसंच सोडून निघालास?"

मामाने पिशवी खाली ठेवली. मग तो चपला काढून उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "आजी, घाबरू नका. अडकलीय, पडलेली नाही..." मागे गेमचा आवाज हळूहळू कमी झाला. मला दिसलं, लंबूने तो स्वतः कमी केला होता.

आता ते यंत्र कधीच थकलं, त्याच्या जागी दुसरी आली, तीही गेली. ठकी मोठी झाली. मामाचे केस पांढरे झालेत आणि त्याला ऐकू कमी येतं, म्हणून आता ठकीच त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत राहते. मी तिच्या कपाटात आहे. पोटात पुठ्ठा आहे. एक पांढरं बटण गळालंय, तेवढं सोडलं तर सगळं जागच्या जागी. आणि आईने उसवताना सगळं कापड बाहेर घेतलं नव्हतं बरं का. बोटभर अजून आत आहे.

मित्रांनो, तुमच्याकडून कुणाला दिलेला शब्द लांबला, तर लाजून पळू नका. दाराबाहेर उभे राहा आणि बोलत राहा. आणि माझ्यासारखी एखादी जुनी खोळ हाती आली, तिची चेन मध्येच थांबली, तर हिसका मारू नका. मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवा, जरा मागे घ्या, मग पुढे. तेवढ्या वेळात तिच्याशी दोन शब्द बोललात तर फारच उत्तम. अडकलीय ती, तुटलेली नाही.